मोत्या जवळ का येतो?

२०११ सालची गोष्ट आहे. आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर रात्रीचा साक्षरता वर्ग भरत असे. दिवसभर शेतात राबलेली मंडळी जेवणखाण उरकून आठच्या सुमारास पाटी घेऊन येत. वीज गेली की कंदील लावायचा आणि पुढचे अक्षर गिरवायचे, असा आमचा क्रम होता.

वर्गात पंचवीस माणसे होती. सव्विसावा होता मोत्या. मोत्या हा एका आजींचा कुत्रा. रंगाने तांबूस, एक कान पडलेला. आजी पोते अंथरून बसल्या की मोत्या त्यांच्या डाव्या गुडघ्याला पाठ टेकून बसायचा. आजींनी त्याला ढकलले तर तो वीतभर सरके. जरा वेळ गेला की हळूच पुन्हा गुडघ्याला येऊन चिकटे.

एका रात्री पाटील म्हणाले, "आजी, ह्येला एवढं काय गोड लागतंय तुमच्याजवळ? भाकरीसाठीच लाळ घोटतोय न्हवं?"

आजी म्हणाल्या, "भाकर त्यो सांजच्यालाच खाऊन येतोय. आता माझ्याजवळ काय हाय? पाटी आन् पेन्सिल. ती का खायाची हाय त्येला?"

सगळी मंडळी हसली. मग आजींनी मलाच विचारले, "गुरुजी, तुम्ही सांगा. ह्यो जवळ का येतो?"

मला त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. "पाहून सांगतो," असे म्हणालो. पुढे मी त्या विषयावर वाचले, जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, आणि नंतरची अनेक वर्षे वाचत राहिलो. ते सारे आज या पाठात सांगतो. मोत्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. त्यात चार माणसांच्या जिवाचा प्रश्न होता, आणि त्या चारांत मी एक होतो.

पहिली ओळख उबेची

कुत्रीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. कानही बंद असतात. साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. तोवर त्याला काही दिसत नाही आणि ऐकू येत नाही. एवढेच नव्हे, तर आपल्या अंगाची ऊब राखणेही त्याला जमत नाही. आईच्या पोटाशी गेले तर ऊब. भावंडांच्या ढिगात शिरले तर ऊब. एकटे पडले तर गारठून मरायचे.

म्हणजे पिल्लू जगात आल्यावर पहिला धडा कोणता शिकते? अंगाला अंग लागले की जीव वाचतो, हा. हा धडा ते जन्मभर विसरत नाही.

मग तीन आठवड्यांपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात. या दिवसांत पिल्लू ठरवते की आपले कोण आणि परके कोण. या वयात माणसांचा हात अंगावरून फिरला, माणसांचा आवाज कानी पडला, तर माणसे त्याला आपली वाटू लागतात. या वयात माणूस दिसलाच नाही, तर ते पुढे माणसाला बुजते. मोठेपणी त्याला माणसाळवणे फार कठीण जाते.

धनगर मंडळी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मेंढ्यांची राखण करणारा कुत्रा लहानपणापासून मेंढ्यांत आणि वाड्यावरच्या माणसांतच वाढलेला असतो. म्हणून तो मेंढरांना आपली समजतो आणि लांडग्याला परका समजतो.

लांडग्याचा भाऊबंद

लांडग्याला परका समजतो खरा, पण कुत्रा मूळचा लांडग्याच्याच कुळातला. फार जुन्या काळी काही लांडगे माणसाच्या वस्तीजवळ राहू लागले. त्यांतले जे कमी भित्रे आणि कमी तापट, ते माणसाजवळ टिकले. त्यांची पिल्ले माणसाजवळच वाढली. असे हजारो वर्षे चालले, आणि त्यांतून कुत्रा तयार झाला. गाय, शेळी, घोडा ही जनावरे माणसाने पुढे पाळली. सर्वांत आधी जोडला गेला तो कुत्रा.

लांडगा कळपाने राहतो. कुत्र्याच्या रक्तात तोच कळपाचा स्वभाव आहे. मात्र त्याचा कळप बदलला आहे. तुमचे घर हाच आता त्याचा कळप. कळपातली जनावरे एकमेकांना टेकून निजतात, एकमेकांचा वास घेतात. तुमचा कुत्रा तुमच्या पायाशी निजतो, तुमच्या वहाणेवर डोके ठेवतो, ते त्यामुळेच. वहाणेला, घोंगडीला तुमचा वास असतो. कुत्र्याचे नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी तीव्र. तुम्ही घरात नसलात तरी घोंगडीवर निजला की त्याला तुम्ही जवळ असल्यासारखे वाटते.

ही सोबत किती जुनी आहे याची एक खूण सांगतो. जर्मनी देशात बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाचे ठिकाण आहे. तेथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनी कबर सापडली. कबर सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्र्याचे पिल्लू पुरलेले होते. शास्त्रज्ञांनी त्या पिल्लाचे दात तपासले. २०१८ साली त्यांनी सांगितले, की हे पिल्लू काही आठवडे फार आजारी होते. कोणी त्याला ऊब दिली नसती, पाणी पाजले नसते, तर ते इतके दिवस जगलेच नसते. आजारी पिल्लू शिकार करीत नाही आणि राखणही करीत नाही. त्याचा माणसाला काही उपयोग नव्हता. तरीही कोणीतरी त्याची सेवा केली.

आपल्या देशातही काश्मीरमध्ये बुर्झहोम येथे हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी सापडल्या आहेत. त्यांतही माणसाशेजारी कुत्रे पुरलेले आढळले. जिवंतपणी जवळ राहिलेल्या जनावराला मेल्यावरही माणसाने जवळ ठेवले.

भाकरी की माया?

आता पाटलांच्या प्रश्नाकडे येऊ. कुत्रा जवळ येतो तो भाकरीसाठीच का?

भाकरीसाठी येतो हे खोटे नाही. ज्या हातून भाकरी मिळते तो हात कुत्रा ओळखतो. अंगाला अंग घासले की तुकडा मिळतो असे एकदा कळले, तर तो पुन्हा पुन्हा घासणार. पण एवढेच कारण नाही.

बंगालमध्ये कोलकात्याच्या बाजूला सरकारची एक मोठी विज्ञान संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक अनोळखी माणूस कुत्र्यांना पुन्हा पुन्हा भेटत असे. काही कुत्र्यांना तो जादा खाणे देई. काहींना जादा खाणे न देता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवी. असे काही दिवस चालले. तुम्हाला काय वाटते, कोणत्या कुत्र्यांनी त्या माणसावर अधिक विश्वास ठेवला? ज्यांच्या डोक्यावरून हात फिरला त्यांनी! ही उपाशीपोटी हिंडणारी कुत्री होती. तरी त्यांना खाण्यापेक्षा मायेचा हात अधिक ओढून घेत होता.

मात्र हे ऐकून कोणीही अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवायला जाऊ नये. तो प्रयोग जाणत्या माणसांनी काळजी घेऊन केला होता.

दुसरा एक प्रयोग हंगेरी देशात १९९८ साली झाला. कुत्रा आणि त्याचा धनी यांना एका नव्या खोलीत नेले. मग एक परका माणूस आत आला. थोड्या वेळाने धनी बाहेर गेला. तेव्हा बरेच कुत्रे दाराशी जाऊन उभे राहिले. धनी परत आला तशी त्यांनी धाव घेतली आणि त्याला अंग लावले. परका माणूस आला तेव्हा तशी धाव घेतली नाही. हा प्रयोग मुळात लहान मुले आणि त्यांच्या आयांसाठी तयार केलेला होता. जत्रेत आई दिसेनाशी झाली की मूल रडते. आई दिसली की पदराला बिलगते. मग जरा वेळाने त्याच पदराआडून जत्रा पाहू लागते. कुत्र्याचे धन्याशी असेच नाते असते. धनी जवळ असला की त्याला धीर असतो.

नामदेव महाराजांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागू नये, एवढीच त्यांना चिंता. आपण सारे काही नामदेव नाही. पण कुत्र्याला भाकरीखेरीज आणखीही काही लागते, एवढे आपल्यालाही समजायला हवे.

डोळ्यांतला पान्हा

वासराने कासेला तोंड लावले की गाईला पान्हा फुटतो. असे का होते? त्या वेळी गाईच्या रक्तात एक रस येतो. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. या रसाने दूध उतरते. बाळ अंगावर पिऊ लागले की आईच्या अंगातही तोच रस येतो. तो नुसते दूध उतरवत नाही, तर आई आणि बाळ यांची माया जडण्यासही मदत करतो.

जपान देशातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली एक नवी गोष्ट सांगितली. त्यांनी कुत्रा आणि त्याचा धनी यांना अर्धा तास एकत्र राहू दिले. त्याआधी आणि त्यानंतर दोघांची लघवी तपासली. जे कुत्रे धन्याच्या डोळ्यांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले, त्यांच्या अंगात हा मायेचा रस वाढला होता. आणि धन्याच्या अंगातही वाढला होता! माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांवरही त्यांनी हाच प्रयोग केला. लांडगे माणसाच्या डोळ्यांकडे फारसे पाहत नाहीत. त्यांच्यात तसे काही आढळले नाही.

म्हणजे कुत्रा जवळ येतो तेव्हा बरे त्याला एकट्याला वाटत नाही. आपल्यालाही वाटते. दिवसभर ऊसतोड करून आलेला माणूस उंबऱ्यावर टेकतो. कुत्रा येऊन त्याच्या पायाला अंग लावतो. माणसाचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जातो. दोघांनाही विसावा मिळतो.

तो काय सांगतो ते वाचा

कुत्र्याला बोलता येत नाही. जवळ येणे, दूर जाणे, अंग टेकणे हीच त्याची बाराखडी. ती आपण वाचायला शिकले पाहिजे.

थंडी असेल तर तो उबेसाठी जवळ येतो. पोषाच्या थंडीत तो नाक शेपटीखाली घालून गुंडाळी करून पडतो. त्याला एक जुने पोते द्या. एवढ्यानेही त्याचे काम भागते.

ढग गडगडले, दिवाळीचे फटाके वाजले, की पुष्कळ कुत्री थरथर कापतात आणि माणसाला बिलगतात. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही कुत्र्याला ऐकू येतात. त्या वेळी त्याला लाथ मारू नका, आणि बाहेर बांधूनही ठेवू नका. घराच्या कोपऱ्यात बसू द्या. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ बसू दिल्याने तो बिघडत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याला नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही. म्हणून तो अधिकच चिकटून राहतो. पायात पाय घालतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. धनी कुठे आहे ते आता तो अंगाने पाहतो.

कुठे दुखत असले तरी कुत्र्याची वागणूक बदलते. एखादा कुत्रा दुखण्यात जास्त जवळ येतो. दुसरा लांब कोपऱ्यात जाऊन पडतो. कानात गोचीड, पंजात काटा, पाठीवर अळ्या पडलेली जखम, काहीही असू शकते. रोजची सवय मोडली की काहीतरी बिनसले असे समजा.

दिवसभर आखूड साखळीने बांधलेला कुत्रा सोडल्याबरोबर अंगावर उड्या मारतो. त्याला आपण मस्तवाल म्हणतो. खरे तर तो दिवसभराचा एकटेपणा सांगत असतो.

जवळ येणे त्याच्या मनाने असावे

येथे एक गोष्ट आयाबायांनी नीट ध्यानात घ्यावी. कुत्रा आपण होऊन जवळ येतो, ते वेगळे. आपण त्याला मिठी मारून दाबून धरतो, ते वेगळे. मिठी मारलेली पुष्कळ कुत्र्यांना आवडत नाही. त्यांना कोंडल्यासारखे वाटते.

लहान मुलांना हे कळत नाही. ती कुत्र्याच्या गळ्यात पडतात, शेपटी ओढतात, जेवताना त्याच्या थाळीत हात घालतात. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते. म्हणून मुलाला चावा बसला तर तो बहुधा तोंडावर, डोक्यावर किंवा मानेवर बसतो.

चावण्याआधी कुत्रा बहुतेक वेळा सांगतो. तो तोंड फिरवतो. ओठ चाटतो. झोप आली नसताना जांभई देतो. कान मागे पाडतो, शेपटी पायात घालतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. अंग ताठ होते. शेवटी गुरगुरतो. गुरगुरणे म्हणजे "आता पुरे" असे सांगणे. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. मारलेत तर पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावेल.

जेवणारा कुत्रा, निजलेला कुत्रा आणि पिल्ले पाजणारी कुत्री यांच्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका. घरचा कुत्रा कितीही गरीब असला तरी तान्ह्या मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नका. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवूनच भाकरीला हात लावा. त्याला तोंड चाटू देऊ नका. जखम तर मुळीच चाटू देऊ नका. का, ते आता सांगतो.

मोत्याचे काय झाले

त्याच २०११ सालचा उन्हाळा. एका रात्री आजी वर्गाला एकट्याच आल्या. मोत्या सोबत नव्हता. "बाजल्याखाली अंधारात जाऊन बसलाय. भाकरीला तोंड लावलं न्हाई," असे त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. मोत्या बाहेर आला, आणि काल लपून बसलेला हा कुत्रा आज सगळ्यांच्या अंगाअंगाशी करू लागला. आजींच्या नातवाचे हात चाटले. त्या पोराच्या हाताला खेळताना खरचटलेले होते. माझ्या टाचेला भेगा होत्या, त्या चाटल्या. शेजारच्या सुनेचा विळ्याने कापलेला अंगठा चाटला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. खालचा जबडा लोंबत होता. भुंकला तो आवाज घोगरा, जणू दुसऱ्याच कुत्र्याचा.

मी म्हणालो, "घशात हाड अडकलं असेल." आणि त्याचा जबडा उघडून पाहायला मी खाली वाकलो.

आजींनी माझे मनगट धरले. "थांबा गुरुजी! ह्यो माझा मोत्या न्हवं."

मी म्हणालो, "अहो आजी, उन्हाचा त्रास झाला असेल."

त्या म्हणाल्या, "तीन वर्सं ह्यो माझ्या डाव्या गुडघ्याला बसतोय. काल आला न्हाई, आन् आज सगळ्यांच्याच गळ्यात पडतोय. मला वळखीना झालाय. हात लावू नगा."

त्यांनी भाकरीचा तुकडा गोठ्याशेजारच्या खोपीत टाकला. मोत्या आत गेला तसे बाहेरून दार लावून घेतले. मग नातवाला घेऊन थेट ग्रामीण रुग्णालयाची वाट धरली. मागोमाग मी आणि ती सून गेलो. डॉक्टरांनी सारे ऐकले आणि आम्हा तिघांना व आजींना लस सुरू केली. ज्यांच्या जखमा चाटल्या होत्या, त्यांच्या जखमेत वेगळे औषधही टोचले. "वेळेवर आलात," असे ते म्हणाले.

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी खोपीच्या फटीतून पाहिले आणि सांगितले, "लक्षणे पिसाळाचीच आहेत." तिसऱ्या दिवशी मोत्या मेला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, उघडा हात न लावता, खोल खड्डा खणून त्याला पुरला. आजी खड्ड्यापासून लांब उभ्या होत्या. बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी गावात एक परका कुत्रा आला होता. त्याने मोत्याच्या खांद्याला चावा घेतला होता. आम्ही जखमेला हळद लावली आणि विसरून गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी मला विचारले, "याला लस टोचली होती का?" टोचली नव्हती. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. लस असते हे मला ठाऊक होते. "पुढच्या खेपेला तालुक्याला नेऊ," असे मी दोनदा म्हणालो होतो. वर्गातले पंचवीस जण मोत्याला कुरवाळत होते. पण तो सगळ्यांचा होता, म्हणून त्याला लस टोचायला नेणारा कोणीच नव्हता.

आम्ही चौघांनीही सांगितलेल्या सगळ्या तारखांना सुया घेतल्या. चौघेही वाचलो. तो नातू आता मोठा झाला आहे.

मी शिकलेला असून जनावराच्या तोंडात हात घालायला निघालो होतो. आजींना तेव्हा जोडाक्षरेही नीट येत नव्हती. पण त्यांना मोत्या वाचता येत होता.

पिसाळ: एवढे ध्यानात ठेवा

पिसाळ म्हणजे रेबीज. हा रोग लाळेतून पसरतो. चाव्यातून पसरतो, तसाच उघडी जखम चाटल्यानेही होऊ शकतो. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावून चावतो असे नाही. काही कुत्री नुसती मुकी होतात, कोपरा धरतात, जबडा पडतो. काही सुरुवातीला उगाच सलगी करतात. पिसाळलेला कुत्रा पाणी पितच नाही, ही समजूतही चुकीची आहे. पाणी प्याला म्हणून तो बरा, असे समजू नका. घशात हाड अडकले असे वाटले तरी तोंडात हात घालू नका.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याने जखम चाटली, तर काय करावे?

पहिले काम: जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. पंधरा मिनिटे म्हणजे पुष्कळ वेळ. घड्याळ पाहून धुवा.

दुसरे काम: जखमेवर तिखट, चुना, तेल, माती, पाला काहीही लावू नका. घट्ट बांधू नका.

तिसरे काम: त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तेथे माणसांची लस मोफत मिळते. कुत्रा मरतो की जगतो याची वाट पाहत घरी बसू नका. मंत्र, गंडा, झाडपाला यांत वेळ घालवू नका.

चौथे काम: डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना सुया घ्या. एकही चुकवू नका. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, म्हणून लोक भीत असत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आता सुई दंडात देतात. गरोदर बाईनेही ती घ्यावी, आणि तान्ह्या मुलालाही द्यावी.

रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर वाचतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ या दिवशी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस प्रथम टोचली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो मुलगा वाचला. त्यानंतर या लसीने असंख्य माणसे वाचली आहेत.

आणि मुळातला उपाय तर आणखी सोपा. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की लस टोचा. मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी. तारीख कागदावर लिहून भिंतीला लावा. आता तुम्हाला लिहिता येते.

शेवटी

कुत्रा जवळ का येतो, याचे उत्तर आता तुम्हाला देता येईल. तो उबेसाठी येतो. धीरासाठी येतो. तुमचा वास त्याला घरासारखा वाटतो म्हणून येतो. भाकरीसाठीही येतो. पण भाकरी खाऊन झाल्यावरही तो उठून जात नाही, यात सारे आले.

तो आपला भार आपल्या गुडघ्यावर टाकतो. तो भार आपण घेतला, की त्याच्याबरोबर दोन कामे आपल्याकडे येतात. त्याची रोजची वागणूक ओळखायची, आणि त्याला लस टोचायची.

पुढच्या वर्षी आजींनी नवे पिल्लू आणले. त्याला घेऊन त्या पहिल्यांदा कोठे गेल्या असतील? जनावरांच्या दवाखान्यात! तेथून आणलेल्या कार्डावरची तारीख त्यांनी रात्रीच्या वर्गात आम्हाला स्वतः वाचून दाखवली. पिल्लू तेव्हा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकून निजले होते.

आता सांगा पाहू

१. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला आईच्या अंगाची गरज का असते?

२. बंगालमधल्या प्रयोगात कोणत्या कुत्र्यांनी माणसावर अधिक विश्वास ठेवला?

३. चावण्याआधी कुत्रा कोणत्या खुणा करतो? तीन सांगा.

४. मोत्या आजारी आहे हे आजींनी कशावरून ओळखले?

५. गुरुजींची चूक कोणती झाली?

६. कुत्रा चावल्यावर करायची चार कामे क्रमाने लिहा.

करून पाहा: तुमच्या वाडीत किती पाळीव कुत्री आहेत ते मोजा. प्रत्येकाच्या नावापुढे लस कधी टोचली ती तारीख लिहा. ज्याच्यापुढे तारीख नाही, त्याच्या धन्याला हा पाठ वाचून दाखवा.